पळाला की फाउल

ब्रेडा, ८ ऑक्टोबर २०२४

दिनकरमामा, दंडवत. मामीला दोन, कारण "मोठ्यानं बोल, ह्यांना ऐकू येत नाही" असं फोनवर ओरडून तिचाच घसा बसला.

तुम्ही म्हणालात, फोन बंद कर आणि लिही. म्हणून लिहितोय. दहावीला दोनदा बसलो, त्यानंतर हे पहिलंच लिहिणं. चुका पोटात घाला.

काम बरं चाललंय. जयप्रकाशसाहेब पुण्याचे, कॉम्प्युटरची नोकरी सोडून हॉटेल काढलंय. मी आत कढईजवळ. गिऱ्हाईक म्हणजे आपलेच आयटीवाले. आई-बापाला पिठलं पाहिजे असतं आणि पोरं डचमध्ये रडून चिप्स मागतात. दोन्ही मीच करतो.

आता बातमी. मी इथं खेळायला लागलो.

गुरुवारी माझी सुट्टी. खोलीत बसवत नाही, माझं तुम्हाला माहीत आहे. सायकल काढली आणि कालव्याच्या कडेनं निघालो. इथला वारा जाताना पण समोरनं येतो आणि येताना पण समोरनंच. गावाबाहेर एक मैदान लागलं. वेस्टरहूक म्हणून क्लब आहे. गवत बघून मामा, सायकल तिथंच टाकली. आपल्याकडं पडलं की कोपर सोलतं, इथं पडलं तर झोप लागंल. कुंपणावरनं बॉल आला. छातीवर घेतला, खाली सोडला, परत दिला. तिकडनं शिट्टी वाजली. लाईनीजवळ घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात शिट्टी. मला बोट करून बोलावलं. त्यांना एक गडी कमी होता.

हा डगी. डगी मॅकफेल. वय नव्वद, मूळचा स्कॉटलंडचा. त्याचं इंग्रजी मला कळत नाही, माझं त्याला कळत नाही, त्यामुळं आम्ही दोघं सारखेच अडाणी. त्याची बायको रीत इथलीच, डच. ती शाळेतल्या बाईंसारखी सावकाश बोलते. ती मधे बसली की गोष्ट पुढं सरकते. कॉफीबरोबर एक बिस्कीट देते आणि डबा बंद करते. मामीला सांगा, इथं तसंच असतं, राग मानायचा नसतो.

क्लबाच्या भिंतीवर डगीचा फोटो आहे, सन पंचावन्नचा. स्कॉटलंडच्या टीमबरोबर, निळ्या जर्सीत. मी म्हटलं, बाप रे, देशाकडून खेळला! तर म्हणाला, खेळलो नाही, बारावा होतो. त्या वेळी बदली गडी मैदानात घेतच नव्हते म्हणे. अकरा जणांतल्या एखाद्याचा पाय रेल्वेत मुरगळला तरच बाराव्याचा नंबर. कुणाचा मुरगळला नाही. जर्सी फोटोपुरती दिली आणि परत घेतली.

फाइफ भागातलं खाणीचं गाव त्याचं. बाप खाणीत, दोन चुलते खाणीत, हा पण पंधराव्या वर्षी खाणीत. आठवडाभर कोळसा, शनिवारी मॅच. आघाडीला उजवीकडं खेळायचा. त्या भागात त्याच्याइतकं जोरात पळणारं दुसरं कोणी नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या क्लबानं उचलला, तर बाप वीस मैल सायकल मारून प्रत्येक मॅचला.

बाकी पुढच्या वेळी. माझा फोटो पाठवतोय, क्लबाची जर्सी घातलेला.

तुमचा,
पत्या

(याच पाकिटात, वेगळी घडी घातलेली)

उल्काताई, पाकीट तुझ्या नावावर टाकलंय, ही चिठ्ठी तुझी. मामांच्या हातात पडू देऊ नको.

तू स्वतः हॉस्पिटलात मशीनमध्ये घालून माझा गुडघा बघितलास. आतली दोरी तुटलीय, आता मैदान विसर, असं तूच मला जिन्यात सांगितलंस. मी मामांना "मुरगळलाय" म्हणालो आणि इकडं पळून आलो. इथल्या डॉक्टरला पण दाखवला. हुइसआर्ट्स म्हणतात त्याला. काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देतो.

इथं जे खेळतोय तो म्हाताऱ्यांचा खेळ आहे. चालत खेळायचा फुटबॉल. पळायचंच नसतं. मामांना तेवढं लिहिलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून फक्त "खेळतोय" लिहिलं. खोटं तर नाही ना?

*

कोल्हापूर, २६ ऑक्टोबर

पत्या, आशीर्वाद. इतके दिवस लिहिलं नाहीस त्याबद्दलचं भांडण राखून ठेवलंय.

पत्र घरात वाचलं, मग तालमीच्या कट्ट्यावर वाचलं, मग उशिरा आलेल्यांसाठी परत वाचलं. "इथं पडलं तर झोप लागंल" ह्याला तर टाळ्या पडल्या.

ह्या डगीला विचार, बॉल कसला होता? आमच्या वेळी चामड्याचा, वरनं वादीनं आवळलेला. भिजला की पाट्यावरचा वरवंटा. हेड मारलं की कपाळावर वादीचा ठसा. माझे कान त्यानंच गेले असं तुझी मामी म्हणते. मी म्हणतो तिच्यामुळं गेले. बूट कसले होते ते पण विचार. आणि बारावा होता म्हणून त्याला कमी समजू नकोस. देशात हजारो पोरं खेळत असतील, त्यातला तो बारावा. आपल्या चिंचबन तालमीच्या फुटबॉल टीममध्ये मला कुणी बारावा ठेवला असता तर मी मारामारी केली असती, पण ते वेगळं.

आता ऐक. चौकात फ्लेक्स लागलाय. "चिंचबन तालमीचा ढाण्या वाघ प्रताप सरनोबत यांची नेदरलँड येथील नामांकित क्लबमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" तुझा जर्सीतला फोटो मधोमध, माझा कोपऱ्यात, खाली शुभेच्छुकांची तोंडं. अंबरीशनं गॉगल घातलेला फोटो दिला म्हणून त्याला शेवटच्या ओळीत टाकलाय. तुझ्या डगीचा फोटो मिळाला नाही, तर पोरांनी मोबाईलवरनं दुसराच एक गोरा म्हातारा घेतला. लांबनं कळत नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं. तालमीच्या कमिटीत ठराव येणार होता, की दिनकरतात्यांनी आता विश्रांती घ्यावी, कोच गोव्याहून आणू. फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी ठराव बारगळला. मी उभा राहून शब्द दिला, प्रताप जानेवारीत येणार, ह्या सीझनला खेळणार, दगडी चौक तालमीला आपण मैदानात झोपवणार. आता साहेबाकडनं सुट्टी काढ.

चकलीचा डबा पाठवला असता, पण पोष्टातला माणूस म्हणाला, तेलकट चालत नाही.

तुझा मामा,
दिनकर

(मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

पत्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून लिहिते. काय करून बसलायस? बाबा रोज सकाळी मैदानावर जातात, शिट्टीला नवीन दोरी घातलीय. मी त्यांना काही सांगणार नाही, ते तूच सांगायचं. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे लक्षात ठेव. — उल्का

*

ब्रेडा, १५ नोव्हेंबर

मामा, दंडवत.

फ्लेक्सचं वाचून हातातली कढई पडली. साहेब म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, सत्कार झाला.

डगीला तुमचे प्रश्न विचारले. बॉलचं ऐकून त्यानं कपाळ पुढं केलं आणि बोटानं दाखवलं, इथं, वादी इथं. तुम्ही दोघं भेटलात तर दिवसभर कपाळंच दाखवाल. बूट घोट्याच्या वरपर्यंत, तळाला चामड्याच्या खुंट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. खिळा आत घुसला की मोज्यात रक्त. नवीन बूट घेतले की घालून पाणी भरलेल्या टबात पाय सोडून बसायचं, म्हणजे पायाच्या मापाला बसतात.

ह्या वेळी त्याची पुढची सगळी गोष्ट लिहितो. तुम्ही ती नीट वाचा. मुद्दाम लिहितोय.

बारावा झाला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात, गोठलेल्या मैदानावर त्याचा गुडघा गेला. पाय रुतून राहिला आणि अंग फिरलं. त्या वेळी गुडघ्यातली गादी कापून काढायचे. कापली, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. क्लबानं एप्रिलमध्ये कळवलं, मोकळा केला आहे. खाणीत परत गेला, तर तिथं वाकून बसावं लागतं. ते पण जमेना. तेवीस वर्षांचं पोर मामा, ना वर जागा ना जमिनीखाली.

तेव्हा इथं, ह्या वेस्टरहूकला, एक इंग्रज ट्रेनर होता. इथल्या लोकांनी नुकतंच खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली होती, त्याला स्वस्तातला माणूस पाहिजे होता. डगीनं गुडघ्याचं सांगितलं नाही. रात्रीची बोट धरून आला. पहिल्या सरावातच ट्रेनरनं ओळखलं. डगीला वाटलं, आता हाकलणार. तर ट्रेनर म्हणाला, "बोटीचं तिकीट मी भरलंय. तेव्हा आता मधोमध जाऊन उभा राहा."

आणि मामा, तो आठ सीझन उभा राहिला. पळाला नाही. बॉल कुठं येणार ते आधी ओळखायचं आणि तिथं आधीच जाऊन थांबायचं. बॉल आला की एका टचमध्ये दुसऱ्याला. बाकीचे त्याच्याभोवती पळायचे. इथले लोक त्याला दिव्याचा खांब म्हणायचे. पहिल्यांदा चिडवायला, नंतर प्रेमानं. मग साखर कारखान्यात लागला. होय, इथं पण साखर कारखाना! उसाचा नाही, बिटाचा. ते बीट आपलं लाल नव्हे, पांढरं, सोललेल्या नारळाएवढं.

तर सांगायचं हे, की गुडघा गेला तरी माणूस संपत नाही. त्याला सांभाळून घेणारा कुणीतरी असला की झालं. काय ते समजून घ्या.

तुमचा,
पत्या

*

कोल्हापूर, ६ डिसेंबर

पत्या,

समजलं! तू लेका तिकडनं डावच पाठवलास.

पत्र मी दोनदा वाचलं. ह्या वेळी कट्ट्यावर नाही, आधी डोक्यात घेतलं. उभं राहून खेळायचं! आपली पोरं उगंच धावतात, बॉलमागं कोंबड्यांसारखी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मैदानावर उभं केलं आणि सांगितलं, आज कोणी पळायचं नाही, बॉल ओळखायचा. सौमित्र म्हणाला, "तात्या, मग ओळखल्यावर तरी पळायचं का?" मी म्हटलं, गप उभा राहा.

चार सकाळी केलं. मग शेजारच्या गावच्या पोरांबरोबर साधी मॅच घेतली. त्यांच्या एकालाही घाम आला नाही, एवढ्या सहज त्यांनी गोल घातले. आमचे सगळे दिव्याचे खांब. कमिटीतला अंबरीश येऊन म्हणतो, "तात्या, ही टीम आहे का महापालिकेची लाईट?" मी म्हटलं, ही नेदरलँडची पद्धत आहे, प्रताप आल्यावर मधे उभा राहील, मग बघा.

म्हणजे आता सगळं तू येण्यावर आहे. नोंदणीची मुदत जवळ आलीय. पोरांनी तुझ्या विमानाच्या तिकिटासाठी वर्गणी काढायला सुरुवात केलीय. दुधाच्या कट्ट्यावर डबा ठेवलाय, त्यावर पण तुझा फोटो.

डगीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. मी त्या ट्रेनरच्या जागी असतो तर मीही त्याला ठेवला असता. पण आधी दोन शिव्या घातल्या असत्या, लपवलं म्हणून.

तारीख कळव.

मामा

*

ब्रेडा, २२ डिसेंबर

मामा,

हे पत्र कट्ट्यावर वाचू नका. घरात, चष्मा लावून, एकटे असताना वाचा.

मी येणार नाही. म्हणजे घरी येईन, पण खेळायला येणार नाही. माझ्या डाव्या गुडघ्यातली दोरी तुटलीय. गेल्या उन्हाळ्यात सरावात पडलो आणि तुम्ही बर्फ लावलात, तेव्हाच तुटली होती. मुरगळला नव्हता. उल्काताईनं फोटो काढून बघितला, तिला मीच शपथ घातली होती. तिच्यावर चिडू नका. गोष्टीतनं सांगायचा प्रयत्न केला, तुम्ही डाव समजलात. चूक तुमची नाही. सरळ लिहायला हात उठत नव्हता.

आणि इथला क्लब. माझ्यानंतर सगळ्यात तरुण गडी बासष्ट वर्षांचा आहे, बँकेतनं रिटायर झालेला. ह्या खेळात चालायचं असतं. धक्का द्यायचा नाही, बॉल कमरेच्या वर मारायचा नाही, आणि पळाला की फाउल. डगी खुर्चीवर बसून फक्त पाय बघतो. दोन्ही पाय एकदम जमिनीवरनं सुटले की शिट्टी. मी पहिल्या दिवशी विचारलं, मला कसं घेतलंत? तर म्हणाला, बॉल छातीवर घेऊन तू कुठल्या पायावर उतरलास ते बघितलं. म्हणजे ज्याला सांगितलं नाही त्याला पहिल्या मिनिटात कळलं.

फोटोत माझ्या मागं चार म्हातारे होते, ते मी कापले.

गेल्या गुरुवारी डगीच्या घरी गेलो होतो. पोरांनी मोबाईलवर पाठवलेला फ्लेक्सचा फोटो दाखवला. तो दुसरा गोरा म्हातारा बघून म्हणाला, "माझ्यापेक्षा देखणा आहे, राहू दे त्यालाच." मग मी सगळं सांगितलं, तुमच्या ठरावाचं पण. मामा, तो हसायचा थांबला. रीतनं न विचारता बिस्किटाचा डबा उघडा ठेवला.

मग त्यानं त्याच्या बापाचं सांगितलं. बापाला त्यानं गुडघ्याचं कळवलंच नव्हतं. इकडनं लिहायचा, मजेत आहे, प्रत्येक मॅचला टीममध्ये आहे. टीममध्ये तर होताच. बाप ते सगळं गावाला सांगायचा. दोन वर्षांनी बाप खाणीतनं सुट्टी काढून, जन्मात पहिल्यांदा बोटीत बसून, न कळवता इथं आला. कोटाची सगळी बटणं लावून कुंपणाला उभा राहिला. डगी मधोमध उभा. मैदानाच्या मध्यावर लपायला जागा कुठली? पूर्ण मॅच तो बापाकडं बघत नव्हता आणि बाप दुसऱ्या कुणाकडं बघत नव्हता.

मॅच संपल्यावर बाप म्हणाला, "तू पळायचास तेव्हा माझी नजर ठरायची नाही तुझ्यावर. आज सगळी मॅच तू मला दिसलास."

डगी एवढंच सांगतो आणि थांबतो. पुढचं रीतनं सांगितलं. तेव्हा ती क्लबाच्या जर्स्या धुवायची, ती तिथंच होती. डगीचा गुडघा सुजून घट्ट झालेला, त्याला वाकता येईना. तर बाप खाली बसला आणि त्यानं त्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. खाणीतली बोटं, गाठ सुटेना. बराच वेळ बसला होता म्हणे.

डगीला त्याचा बाप येऊन बघून गेला. तुम्हाला इथं आणायला माझ्याकडं तेवढे पैसे नाहीत, म्हणून लिहून टाकलं.

वर्गणीचा डबा उचला. तुमचा शब्द माझ्यामुळं खाली पडला. काय बोलायचं ते बोला, पण बोला.

प्रताप

*

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२५

पत्या,

बाबा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते.

पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. आई सांगते, वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि शिडी कुठं आहे म्हणाले. ह्या वयात माणूस शिडी घेऊन भर चौकात. पोरं धरायला धावली तर कुणाला हात लावू दिला नाही. फ्लेक्स स्वतः सोडवला, गुंडाळला, खांद्यावर घेऊन घरी आले. आता तो गच्चीवर पाण्याच्या टाकीवर घातलाय. तू आभाळाकडं बघून हसतोयस.

मग कमिटीत गेले. काय बोलले ते मला दगडी चौकातल्या दत्ताकाकांच्या सुनेकडनं कळलं, म्हणजे बातमी त्यांच्या तालमीत आधी पोचली, आपल्या घरी नंतर. म्हणाले, "पोराचा गुडघा गेलाय. तो खोटं बोलला नाही, मीच ऐकायचं ते ऐकलं. वर्गणी ज्याची त्याला द्या आणि तुमचा गोव्याचा माणूस बोलवा." शिट्टी टेबलावर ठेवून आले.

त्या दिवशी माझ्याशी एकच शब्द बोलले, "तुटलीय?" मी म्हटलं, हो. मान हलवली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आले, रांगेत बसले. मी म्हटलं, काय होतंय बाबा? तर म्हणे, "मला काही होत नाही. त्याचा तो फोटो दाखव." मी स्क्रीनवर काढून दाखवला. बराच वेळ बघत होते. काळ्या-पांढऱ्यातलं त्यांना काय कळतंय? पण बोट लावून विचारत राहिले, हे काय, ते काय, दोरी इथं असायला पाहिजे होती का.

तुझ्यावर रागावलेत का, ते मला सांगता येत नाही. संध्याकाळी मैदानाच्या बाजूला जात नाहीत, एवढं खरं.

उल्काताई

*

ब्रेडा, २ फेब्रुवारी

मामा,

उल्काताईचं पत्र मिळालं. तुम्ही शिडीवर चढलात हे वाचून दोन दिवस भाजी करपली. साहेब म्हणाले, घरी काही झालंय का? मी म्हटलं, घरीच सगळं झालंय.

डगी दर गुरुवारी मला बघितलं की फक्त म्हणतो, "मामा?" त्याला तेवढा मराठी शब्द आला. मी नाही म्हणून मान हलवतो. तो शिट्टी वाजवतो, खेळ सुरू होतो.

गेल्या गुरुवारी माझ्याकडनं चुकून पळालं गेलं. बॉल समोर पडला होता, राहवलं नाही. डगीनं शिट्टी मारली नाही. ते बँकवाले भांडायला उठले तर म्हणाला, मला दिसलं नाही. त्याला सगळं दिसतं मामा.

शिव्या लिहून पाठवा. तेवढ्यावर पण माझं चालंल.

पत्या

*

कोल्हापूर, ९ मार्च

पत्या,

शिव्या घालायला तू समोर पाहिजेस, कागदावर मजा येत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. गुडघ्याचा राग नाही आला. मैदानात हाडं मोडतात. राग आला तो हा, की पोराची दोरी तुटते आणि ते आधी मशीनला सांगतं, मग उल्काला, मग एका स्कॉटलंडच्या माणसाला, आणि मामाचा नंबर शेवटी. मग आठवलं, बर्फ लावताना मीच म्हणालो होतो, "सीझनपर्यंत बरा झाला नाहीस तर तोंड दाखवू नकोस." मी काय असं सगळ्यांनाच म्हणतो. तू ते खरं धरून सातासमुद्रापलीकडं गेलास? एवढं माझं ऐकत होतास तर दहावीला का नाही ऐकलंस?

बरं. कोच गोव्याचा आला. चांगला आहे. पोरं परत पळायला लागली आणि जिंकायला पण लागली. मी बघायला गेलो नाही, पण आरडाओरडा मला सुद्धा ऐकू आला.

घरात बसून करायचं काय? तुझी मामी मला लसूण सोलायला देते. तुझं पत्र खिशात होतंच. एक दिवस उठलो आणि दगडी चौकात गेलो, दत्ताच्या घरी. त्यानं दार उघडलं आणि बघतच राहिला. तुला माहीत आहे, आमच्या तरुणपणी फायनलला त्यानं मला पाडलं तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्याच्या पोराच्या लग्नात मी अक्षता टाकून जेवायच्या आधी परत आलो होतो. मी म्हटलं, "दत्त्या, चालता येतं का?" तो म्हणाला, "भांडायला आलायस का?" मी म्हटलं, "नाही, खेळायला."

तर गेल्या रविवारी सकाळी गांधी मैदानावर आम्ही जमलो. आमच्या बाजूला सहा, त्यांच्या बाजूला सहा, सगळ्यांची मिळून दातांची एक बत्तिशी होईल. शिट्टी उल्काकडं. नियम मी तुझ्या पत्रातनं वाचून दाखवले. पळाला की फाउल हे ऐकून सगळे हसले, पण मामला अवघड आहे रे! डोकं पळतं आणि पाय मागं ओढून धरावे लागतात. मला वाटायचं, डगी उभा राहिला म्हणजे सोपं केलं. आता कळतंय, तो आठ सीझन काय करत होता.

सगळं नीट चाललं होतं. मग मी दत्त्याच्या पायांतनं बॉल काढला, आणि तो पळाला. सरळ पळाला, चड्डी धरून! मी ओरडलो, उल्कानं शिट्टी मारली, तो म्हणतो, "मी चाललोच, माझी चालच तशी आहे." मी म्हटलं, फायनलला पण तू असाच चालला होतास! मग दोन्ही तालमी आत. चहावाला मधे पडला. आता परत आमचं बोलणं बंद आहे. येत्या रविवारी मात्र आठला या म्हणून निरोप त्यानंच पाठवलाय.

डगीला विचार, थ्रो टाकायच्या आधी दोन पावलं भरभर टाकली तर ते पळणं धरायचं का? दत्त्या मानत नाही. डगीचा निकाल लेखी आण, खाली सही घे. आणि त्याला माझा नमस्कार सांग. त्याच्या बापाला पण घातला असता.

एक राहिलं. उल्का म्हणते ऑपरेशन होतं, ती दोरी परत बसवतात, पुण्याला नाही, इथंच. सगळं तिनं विचारून ठेवलंय. तू नाही म्हणू नकोस. आम्हाला सेंटर-फॉरवर्ड नको आहे. ती काळजी गोव्याचा कोच करतोय. पण तू गेलास त्या दिवशी बॅग घेऊन जिना उतरताना भिंत धरलीस, मी वरनं बघत होतो आणि मला वाटलं, पोरगं रडतंय म्हणून हळू उतरतंय. माणसाला जिना उतरता आला पाहिजे. बाजारातनं पिशवी आणता आली पाहिजे. उद्या पोरं झाली तर खांद्यावर घेता आली पाहिजेत. ऑपरेशन त्यासाठी करायचं.

मे महिन्यात साहेबाकडनं रजा काढ. गाडीतनं उतरलास की मैदानाकडं वळू नकोस, कट्ट्यावर थांबू नकोस, कोणी हाक मारली तरी. सरळ घरी ये.

दिनकरमामा